घरच्या शेडमध्ये जुनी पद्मिनी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दारात ताडपत्रीखाली पद्मिनी उभी असली की येणारा-जाणारा दोन प्रश्न विचारतोच: विकायची आहे का, आणि चालू होते का? पहिल्याचं उत्तर नाही. दुसऱ्याचं उत्तर देता देता पुढचे प्रश्न निघत जातात. ते सगळे इथे एकत्र केले आहेत. लिहिलंय ते प्रीमिअर पद्मिनी आणि तिच्या आधीची फियाट ११०० डिलाइट डोळ्यांपुढे ठेवून, पण अँबेसिडर आणि जीपवाल्यांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल.

पद्मिनीच का? दुसरी एखादी सोपी गाडी नाही का?

यापेक्षा सोपी चारचाकी शोधून दाखवा. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, एक कार्बोरेटर, एक डेल्को (प्लगना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर), बोटांवर मोजता येतील एवढे फ्यूज. सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही. बॉनेट उघडलं की हात कोपरापर्यंत आत जातो आणि खालची जमीन दिसते. निसटलेला नट सरळ फरशीवर पडतो, आजच्या गाड्यांसारखा कुठल्या तरी प्लास्टिकच्या कव्हरात गायब होत नाही.

शिवाय ही आपल्याकडचीच गाडी. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स सुरू केली, कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या परवान्याने गाड्या बनू लागल्या, आणि १९७४ पासून त्याच ११०० ला पद्मिनी हे नाव मिळालं. २००० च्या सुमारास उत्पादन थांबलं. तरी पार्ट मिळत राहिले ते मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती, आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये तीही रस्त्यावरून उतरली. टॅक्सीवाल्यांसाठी माल ठेवणारे दुकानदार आता नवा माल भरत नाहीत. गाडी घ्यायचं मनात असेल तर हे लक्षात घेऊनच घ्या.

कोणती गाडी घ्यावी? चालू की बंद?

इंजिन बंद असलं तरी चालेल, पत्रा खाल्लेला नको. हे वाक्य गाडी बघायला जाताना खिशात लिहून ठेवा, कारण समोर चकाचक रंग आणि एका स्टार्टला उचलणारं इंजिन दिसलं की भले भले विरघळतात.

कारण असं. जीपला खाली वेगळी चासी असते, वरचा पत्रा सडला तरी गाडी उभी राहते. पद्मिनीला वेगळी चासी नाही. पत्र्याचं अख्खं खोकं हीच तिची चासी. दारांखालचे पट्टे, तळपत्रा आणि मागच्या कमानपाट्या जिथे बसतात ती जागा गेली, की गाडी मधोमध खचते. दार उघडून वर-खाली हलवून बघा. बिजागरी ठीक असूनही दार बंद होताना खालच्या कोपऱ्यात घासत असेल तर खचायला सुरुवात झालेली आहे.

बघायच्या जागा: दारांखालचे पट्टे, पुढच्या काचेचे खालचे दोन कोपरे, बॅटरीखालचा ट्रे, डिकीत स्टेपनीखाली, आणि पायाखालचं मॅटिंग उचलून तळ. सोबत एक छोटं लोहचुंबक आणि जुना स्क्रू ड्रायव्हर न्या. चुंबक जिथे चिकटत नाही तिथे रंगाखाली लांबी (पुट्टी) थापलेली आहे.

मुंबई, रत्नागिरी, मालवण, गोव्याकडची गाडी असेल तर दुप्पट सावध. सोलापूर, लातूर, नगर भागात उभी राहिलेली गाडी धुळीने माखलेली असते, सीट उन्हाने फाटलेली असते, पण पत्रा बहुतेक वेळा खणखणीत असतो. सीट शिवून मिळते, पत्रा मिळत नाही.

कागदपत्रांचं काय? मालक म्हणतो 'कागद नंतर बघू'.

कागद नंतर बघू म्हणणाऱ्याकडून गाडी नंतर घेऊ.

आरसी बुक मूळ हवं. त्यावरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर स्वतः घासून, वाचून ताडून पाहा. आरसीवरचे मालक हयात नसतील तर वारसांचे कागद आधी पूर्ण करून घ्या. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर एनओसी, आणि कधीकाळी कर्जावर घेतलेली असेल तर बोजा उतरल्याची नोंद. तीस-चाळीस वर्षांपूर्वी फेडलेल्या कर्जाचा बोजा आरसीवर तसाच असणं अजिबात दुर्मीळ नाही. फार जुनी नोंदणी ऑनलाइन दिसतच नाही, तेव्हा आरटीओत अर्ज करून ती संगणकावर चढवून घ्यावी लागते. या कामाला वेळ लागतो, म्हणून ते पहिल्याच आठवड्यात सुरू करा. तोवर तुमचं शेडमधलं काम चालू राहील.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. पुढे दर ५ वर्षांनी फॉर्म २५ भरून, गाडी प्रत्यक्ष तपासून नूतनीकरण. २०२२ पासून १५ वर्षांवरच्या चारचाकीला त्याची फी ५,००० रुपये झाली, आणि ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने २० वर्षांवरच्या गाड्यांना १०,००० केली. महाराष्ट्राचा पर्यावरण कर वेगळा. थर्ड पार्टी विमा, पीयूसी आणि नवी एचएसआरपी नंबर प्लेट लागतेच. दिल्लीची १०-१५ वर्षांची बंदी आपल्याकडे लागू नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण प्रत्येक लग्नसमारंभात कुणी ना कुणी 'ही तर स्क्रॅपच करावी लागेल' असं ठासून सांगतं.

व्हिंटेजमध्ये नोंदली तर?

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली खासगी दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदता येते. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. डिलाइट आणि अगदी सुरुवातीच्या पद्मिनी यात बसतात, ऐंशीच्या दशकातल्या नाहीत. पण व्हिंटेज गाडी रोजच्या वापराला चालत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती एवढ्याच कारणांसाठी रस्त्यावर काढता येते. रविवारी भाजी आणायला न्यायची असेल तर साधी नोंदणीच बरी.

जागा किती लागते? सोसायटीच्या पार्किंगमध्ये जमेल का?

गाडीभोवती चारही बाजूंनी माणूस वाकून बसेल एवढी जागा, वर पावसापासून आडोसा, आणि खाली सपाट सिमेंटचा कोबा. मातीवर किंवा पेव्हर ब्लॉकवर जॅक लावायचा नाही.

सोसायटीत ट्यूनिंग, ऑइल बदलणं, ब्रेकचं काम, वायरिंग हे सगळं जमतं, शेजाऱ्यांना आधी सांगितलं आणि जागा पुसून ठेवली तर. वेल्डिंग, ग्राइंडर आणि रंगाची फवारणी तिथे करू नये. तळमजल्यावर वीस गाड्यांच्या पेट्रोल टाक्या रांगेने उभ्या असताना ठिणग्या उडवणं हा शेजारधर्म नव्हे. त्या कामापुरती गावाकडची पडवी किंवा ओळखीच्या गॅरेजचा कोपरा बघा.

निघालेलं काळं ऑइल गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नका. कॅनमध्ये साठवून मोठ्या गॅरेजला द्या, त्यांच्याकडे ते उचलणारे येतात.

सुरुवातीला कोणती हत्यारं घ्यावीत?

पद्मिनी इटालियन वंशाची, म्हणून पाने मिलिमीटरचे. ८, १०, १३, १४, १७, १९ या मापांत निम्मं काम होतं. अँबेसिडर आणि जुन्या जीपला इंची पाने लागतात, तो सेट मित्राने दिला तर नम्रपणे परत करा. इंची पाना मिलिमीटरच्या नटाला 'बसल्यासारखा' बसतो आणि नटाचे कोपरे खाऊन टाकतो.

फिक्स आणि रिंग पाने, गोट्यांचा (सॉकेटचा) सेट, टॉर्क रेंच (नट ठरावीक जोराने आवळणारा पाना), फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या), मल्टिमीटर, टेस्ट लॅम्प, चांगली पक्कड, हातोडी, छिन्नी, कानस. पैसे टॉर्क रेंच आणि जॅक-स्टँडवर खर्च करा, बाकीचं हळूहळू जमतं. इंजिन उचलायची चेन-पुली विकत घेऊ नका, आठवडाभर भाड्याने आणा. आणि भिंतीवर एबीसी प्रकारचा अग्निशामक टांगा, गाडीपासून दूर, दरवाजाजवळ. आग लागल्यावर गाडीच्या पलीकडे असलेला सिलिंडर काही कामाचा नाही.

गाडीखाली जाताना काय काळजी घ्यायची?

जॅक गाडी उचलायला, धरून ठेवायला लोखंडी स्टँड. जवळपास ९०० किलोची गाडी आहे, हायड्रॉलिक जॅकचं एक रबरी सील गेलं की ती काही क्षणांत खाली येते. विटांची चळत तर नकोच, वीट आतून फुटते आणि फुटण्याआधी सांगत नाही. पुढची चाकं उचलली तर मागच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे. स्टँड लावल्यावर आत शिरण्याआधी गाडीला खांद्याने जोरात धक्का द्या. हलायची असेल तर तेव्हाच हलू दे.

शटर बंद करून इंजिन चालवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. वायरिंगला हात लावण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ड्रममधली धूळ फुंकायची नाही की हवेने उडवायची नाही. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

कुठून सुरुवात करू? सगळी खोलून टाकू का?

नको. या सगळ्या प्रश्नांमध्ये एकाचंच उत्तर पाठ करायचं असेल तर हे करा: गाडी शेवटपर्यंत ढकलता येईल अशी ठेवा.

उत्साहाच्या भरात पहिल्याच महिन्यात इंजिन, सीट, दारं, काचा, वायरिंग सगळं निघतं. मग सहा महिने पावसाळा, मुलांच्या परीक्षा, ऑफिस. परत आल्यावर कुठला स्क्रू कुठला हे कळत नाही, आणि गाडी खोक्यांमध्ये भरून भंगारात जाते. अर्ध्यावर सोडलेल्या गाड्यांच्या जाहिराती वाचून बघा, 'सर्व पार्ट उपलब्ध, फक्त जोडायचे आहेत' असं लिहिलेलं असतं. त्या 'फक्त'मध्ये दोन वर्षं असतात.

क्रम असा ठेवा: आधी ब्रेक, मग स्टेअरिंगचे सांधे आणि टायर, मग इंधन आणि इग्निशन, मग कूलिंग, मग वायरिंग. गाडी अंगणात स्वतःच्या पायाने फिरू लागली की पत्रा. रंग आणि सीटकव्हर सगळ्यात शेवटी. एका वेळी एकच काम खोला, ते बंद करा, मग दुसरं. खोलण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, नंतर नव्हे. नट-बोल्ट झिपच्या पिशवीत, आत चिठ्ठी. 'लक्षात राहील' हे गॅरेजमध्ये बोलायचं वाक्य नाही.

बारा वर्षं बंद असलेलं इंजिन कसं चालू करायचं?

सर्वात आधी, स्टार्टर मारून बघायचा मोह आवरा. जाम झालेल्या पिस्टनला स्टार्टरने झटका दिला तर रिंग तुटते.

चारही प्लग काढा. प्रत्येक भोकात दोन-तीन चमचे डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं-निम्मं मिसळून सोडा. आठवडाभर विसरून जा. मग क्रँक पुलीच्या नटावर लांब दांड्याचा पाना लावून हळू रेटा, घट्ट होण्याच्या दिशेनेच, नाहीतर नट सुटून येतो. तसूभर रेटा, थांबा, पुन्हा तसूभर, असं करत करत एका क्षणी ते मऊ पडतं, हाताला लगेच कळतं. नाही हललं तर पुन्हा डिझेल-ऑइल आणि पुन्हा आठवडा. दांड्याला पाइप लावून जोर करायचा नाही.

इंजिन मोकळं झालं की जुनं ऑइल आणि फिल्टर बदला. टाकीतलं पेट्रोल काढा. इतक्या वर्षांत त्याचा वार्निशसारखा चिकट रस झालेला असतो, तो कार्बोरेटरमध्ये गेला की जेट (पेट्रोल सोडणारी बारीक भोकं) बंद. टाकी उतरवून आतून धुतल्याशिवाय पुढे जाऊ नका. मग प्लग न लावता स्टार्टर फिरवा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. आता प्लग, ताजं पेट्रोल, चोक, आणि सुरू. पहिला धूर बघून शेजारी गोळा होतील. तो आधी सोडलेल्या ऑइलचा असतो, पाच-दहा मिनिटांत ओसरला तर काळजी नाही. ओसरलाच नाही तर कॉम्प्रेशन टेस्ट करा. एखाद्या सिलिंडरचं दाबमान बाकीच्यांपेक्षा बरंच कमी आलं तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. दाब वाढला तर रिंग-बोअरची भानगड, नाही वाढला तर व्हॉल्व्ह.

ब्रेक घरी करता येतात का, की मेकॅनिककडे द्यावेत?

येतात, आणि करावेत. पण जे करायचं ते पूर्ण. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम आहेत. वर्षानुवर्षं उभ्या गाडीचे व्हील सिलिंडर आतून गंजलेले असतातच. नुसतं रबर किट बदलून भागत नाही, बोअरला नखाने खड्डे लागत असतील तर सिलिंडर नवा. रबरी होजसुद्धा नवेच. जुना होज आतून फुगतो. पॅडल दाबलं की ऑइल पुढे जातं पण परत येत नाही, आणि एक चाक धरलेलं राहतं. त्या चाकाचा ड्रम दहा किलोमीटरवर चहा ठेवता येईल इतका तापतो.

ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायला दोन माणसं लागतात. एक पॅडलवर, एक चाकाशी. मास्टर सिलिंडरपासून (पॅडलने दाबला जाणारा मुख्य सिलिंडर) सगळ्यात लांबचं चाक आधी, म्हणजे मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. ब्लीडर निपलला पारदर्शक नळी, तिचं टोक बाटलीतल्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवलेलं. चाकाशी बसलेल्याने 'दाब' म्हणायचं, पॅडलवाल्याने दाबून 'दाबलं' म्हणायचं, मग निपल अर्धा फेर सैल, बुडबुडे निघतात, पॅडल खाली जातं, निपल घट्ट, आणि मगच 'सोड'. पॅडलवाल्याने 'सोड' ऐकण्याआधी पाय उचलला तर हवा परत आत आणि सगळं पहिल्यापासून. घरातल्या घरात यावरून अबोला झाल्याची उदाहरणं आहेत, म्हणून शब्द आधी ठरवून घ्या. मधून मधून वरच्या डबीतलं ऑइल बघत राहा, ती रिकामी झाली तरी तेच.

डॉट ३ किंवा डॉट ४ वापरा, डबीवर लिहिलेलं असतं. सिलिकॉनचं डॉट ५ त्यात मिसळू नका. रंगावर थेंब पडला तर लगेच पाण्याने धुवा, ब्रेक ऑइल रंग उचलतं.

जुन्या गाडीत मास्टर सिलिंडर एकेरी असतो. एका चाकाला गळती झाली की चारही चाकांचा ब्रेक जातो. म्हणून हँडब्रेक शोभेचा ठेवू नका, उतारावर धरतो की नाही ते बघा.

सकाळी लागते, गरम झाली की बंद पडते. कार्बोरेटर बदलू का?

कार्बोरेटरवर आळ घेण्याआधी डेल्को उघडा. दहातल्या सात वेळा दोष तिथे असतो, हा आकडा माझ्या अंदाजाचा.

झाकण काढा, रोटर काढा. इंजिन हाताने फिरवून पॉइंटची (ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या टोकांची) टाच कॅमच्या उंचवट्यावर आणा. आता दोन टोकांमधली फट फीलर गेजने मोजा, ०.४ ते ०.५ मिमीच्या आसपास हवी. पाती अडखळत, हलकी खेचत सरकली पाहिजे. टोकांवर एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेंगूळ दिसत असेल तर कंडेन्सर गेलाय. गरम झाल्यावर बंद पडण्याचं हे जुनंच दुखणं आहे, आणि कंडेन्सर हा गाडीतला सगळ्यात स्वस्त पार्ट. दुसरा संशयित कॉइल.

टायमिंगसाठी, म्हणजे ठिणगीची वेळ जुळवायला, टेस्ट लॅम्पची एक वायर कॉइलकडून डेल्कोला येणाऱ्या टर्मिनलला, दुसरी बॉडीला. इग्निशन ऑन. पुलीवरची खूण जुळवून डेल्को सावकाश फिरवा. दिवा ज्या क्षणी लागतो तिथे पॉइंट उघडतो, तिथेच क्लॅम्प घट्ट करा. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-४-२. वायरींना नंबर घालून ठेवा.

आता सगळीकडे ई-२० पेट्रोल. जुन्या गाडीला चालतं का?

गाडी चालते, रबर चालत नाही. इथेनॉल जुन्या रबराला मऊ करतं: इंधनाची नळी, पंपाचा पडदा, कार्बोरेटरचे पॅकिंग. नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या प्रकारच्या टाका आणि दरवर्षी हाताने दाबून बघा. गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकणं म्हणजे खेळ नव्हे. इथेनॉल हवेतलं पाणीही ओढतं, ते टाकीच्या तळाशी साचतं आणि टाकी आतून गंजते. महिनोन् महिने गाडी उभी राहणार असेल तर शेवटी कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपू द्या. मिश्रण जरा पातळ होतं म्हणून जेट एक नंबर मोठा लागू शकतो, पण ते प्लगचा रंग बघून ठरवा. पांढरा पडत असेल तर विचार करा, तपकिरी असेल तर छेडू नका.

घाटात गरम होते.

इंजिनचा ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. दोन धातू आणि बोअरवेलचं क्षाराचं पाणी एकत्र आलं की धातू आतून खाल्ला जाऊ लागतो. साधं पाणी भरणं बंद करा. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं भरा. रेडिएटर पितळी-तांब्याचा आहे, जुन्या पद्धतीचा कारागीर टाक्या उघडून सळईने नळ्या साफ करून देतो. तो गावात असेपर्यंत करून घ्या.

गरम होते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकण्याची जुनी खोड आहे. मूळ दोष तसाच राहतो आणि थंडीत इंजिन तापतच नाही, पेट्रोल पितं. फॅन बेल्ट सैल, टायमिंग मागे पडलेलं, रेडिएटरची टोपी दाब न धरणारी, या तीन गोष्टी आधी बघा. हेड एकदा वाकलं की फेसिंग (घासून सपाट) करावं लागतं, आणि फेसिंग किती वेळा करता येतं याला मर्यादा आहे.

स्टेअरिंगवरचा गिअर अडकतो. पहिला टाकला की तिसरा पडतो.

गिअरबॉक्स उतरवू नका. कॉलमपासून खाली जाणाऱ्या दांड्यांच्या टोकांना बुश (सांध्यात बसणाऱ्या कड्या) असतात, ते झिजले की गिअरची दांडी हवेत फिरल्यासारखी फिरते. कुणाला तरी गिअर हलवायला सांगा आणि खाली बघा: वरची हालचाल आणि खालची हालचाल यांत जो फरक दिसेल तेवढी झीज. तयार बुश मिळाले तर ठीक, नाहीतर लेथवर गनमेटलचे करून घ्या. कोल्हापूरच्या उद्यमनगरात असं काम नमुना दाखवला की होतं. नवे बुश बसवल्यावर दांड्यांची लांबी ॲडजस्ट करावी लागते, तेवढं मॅन्युअल उघडून करा.

गंजाचं काय करायचं? लांबी भरली तर?

गंजावर लांबी म्हणजे गंजाला पांघरूण. आत ओल टिकते आणि दोन पावसाळ्यांत फोड येतात. सडलेला पत्रा कापून चांगला पत्रा जोडणं हाच उपाय. २० गेजचा पत्रा पुरतो. मिग वेल्डिंगने थोडं थोडं टाचत जा, सलग ओढलं की पातळ पत्रा तापून वाकतो.

दारांखालचे पट्टे कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवे-तिरके लोखंडी अँगल टाचा. दोन्ही बाजू एकदम कापू नका. एक बाजू पूर्ण करा, दार लावून फट मोजा, मग दुसरी. कापताना गाडी जिथे टेकलेली आहे तिथेच तिचा आकार कायम होतो. वाकडी टेकवलेली गाडी वाकडीच जोडली जाते, मग कितीही दारं घासा. वेल्डिंगच्या आधी बॅटरी बाहेर, पेट्रोल टाकी बाहेर, मॅटिंग बाहेर.

लांबी शेवटच्या दोन मिलिमीटरांसाठी असते. पोकळ पट्ट्यांच्या आतून मेणाचा किंवा अंडरकोटचा थर मारायला विसरू नका, गंज आतून बाहेर येतो.

रंग घरी मारावा का?

पॉलिश पेपर मारणं, प्रायमर, डिकीच्या आतली बाजू, इंजिनचा कप्पा हे घरी करा. बाहेरचा शेवटचा रंग बूथ असलेल्या पेंटरला द्या. आजच्या दोन भागांच्या रंगांच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते फुप्फुसांना घातक आहे आणि रुमाल बांधून थांबत नाही. शिवाय जून ते सप्टेंबर हा रंगाचा हंगामच नाही. दमट हवेत रंगावर पांढुरकी धुरकट छटा येते. दिवाळीनंतर ते होळीपर्यंतचे दिवस उत्तम. मूळ रंग बदलला तर आरसीवर त्याची नोंद करावी लागते.

पार्ट कुठे मिळतात?

पुण्यात नाना पेठ, आणि बुधवार-रविवारचा जुना बाजार. मुंबईत ऑपेरा हाउस, कुर्ल्याचा सीएसटी रोड, नशीब जोरावर असेल तर चोर बाजार. बाहेर दिल्लीचं कश्मीरी गेट आणि चेन्नईचं पुदुपेट. फोनवर विचारलं तर 'मिळणार नाही' हेच उत्तर येतं. जुना पार्ट हातात घेऊन दुकानात उभे राहा, मग माळ्यावरून खोकं खाली येतं.

पॉइंट, पंप किट, बेअरिंग, क्लच प्लेट अजून सापडतात. दुर्मीळ झालंय ते क्रोमचं सामान, जाळी, काचा आणि दारांची रबरं. 'कंपनी पॅक, तीस वर्षं जुना' म्हणून रबराचा पार्ट कुणी जास्त पैशांत देत असेल तर नको म्हणा, पाकिटातसुद्धा रबर म्हातारं होतं. धातूचा पार्ट मात्र डोळे झाकून घ्या.

त्यापेक्षा मारुतीचं इंजिन बसवलं तर?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ खाली नोंदणीत लिहिलेल्या गाडीत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. मंजुरीशिवाय बसवलेलं वेगळं इंजिन नूतनीकरणाच्या तपासणीत अडकतं, आणि अपघात झाला तर विम्यात. शिवाय गाडी पळायला लागली तरी चार ड्रम तेच राहतात. मूळ इंजिनाच्या ओव्हरहॉलला जेवढी खटपट लागते त्यापेक्षा माउंटिंग, प्रोपेलर शाफ्ट आणि रेडिएटर जुळवायची खटपट जास्तच होते. माझं मत विचाराल तर मग पद्मिनी घेतली कशाला?

पीयूसी मिळते का?

मिळते. भारत स्टेज २ च्या आधीच्या पेट्रोल चारचाकीला मर्यादा कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएम. टायमिंग, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) आणि आयडलचं मिश्रण बरोबर असेल तर ती सहज बसते. गाडी गरम करून न्या.

उंदीर वायरी खातात.

खाणारच. डांबराच्या गोळ्या, बॉनेट थोडं उघडं ठेवणं, तंबाखूची पानं, सगळे सगळं करून बघतात. गाडी आठवड्यातून एकदा चालवणं हाच खात्रीचा उपाय. सायलेन्सरच्या तोंडाला जाळी लावाल तर चालवण्याआधी ती काढा.

घरचे वैतागलेत. किती पैसे आणि किती वेळ लागेल हे काय सांगू?

गाडीची किंमत हा सगळ्यात लहान खर्च असतो हे सांगा. यांत्रिक काम स्वतः केलं तर त्यात पार्टचेच पैसे जातात. पत्रा-रंग-क्रोम यात त्याहून जास्त जातात, आणि तिथे बचत करायला गेलं की काम दोनदा करावं लागतं. म्हणून पत्र्याच्या कामाचा अंदाज दोन ठिकाणी लिहून घ्या आणि जो जास्त असेल तो धरा. वेळेचं म्हणाल तर तारीख सांगूच नका. लग्नात नवरदेव याच गाडीतून येईल असं कुणाला कबूल करू नका, फार तर साखरपुड्याचं बोला.

आणि दिवाणखान्यात कार्बोरेटर उघडू नका. पेट्रोलचा वास पडद्यांना बसतो.

पहिल्यांदा लांब कधी न्यावी?

आधी गावातल्या गावात, रोज थोडी. दर दोन-तीन दिवसांनी चाकाचे नट, ऑइलची पातळी आणि गाडीखालची फरशी बघायची. रात्री पुठ्ठा अंथरून ठेवला तर सकाळी गळती कुठली ते ठिपक्यांवरून कळतं: काळं म्हणजे इंजिन, जाडसर आणि उग्र वासाचं म्हणजे गिअर ऑइल, हिरवं म्हणजे कूलंट. चाकाच्या आतून पातळ, निसरडं काही ओघळलेलं दिसलं तर ते ब्रेक ऑइल, आणि त्या दिवशी गाडी हलवायची नाही.

पुठ्ठा सलग काही दिवस कोरडा राहिला की पन्नास-साठ किलोमीटर, दिवसाउजेडी, घाट नसलेल्या रस्त्याने. सोबत फॅन बेल्ट, पॉइंट आणि कंडेन्सर, रोटर, दोन प्लग, रेडिएटरचा वरचा होज, फ्यूज, इन्सुलेशन टेप, तार, पाच लिटर पाणी आणि टेस्ट लॅम्प. काटा लाल पट्टीकडे सरकला तर पुढच्या सावलीत थांबा, आणि रेडिएटरची टोपी इंजिन गार झाल्यावरच उघडा.